चोरीला गेलेला सूर

आमच्या ऑफिसात मालकापासून सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत होती, आणि माझी जीभ काही त्याला वळत नव्हती. निदान या एका माणसाच्या बाबतीत तरी नाही. सत्तरीला टेकलेला जपानी माणूस, केस कापसासारखे पांढरे, उन्हाळा असो की थंडी, अंगात तोच करडा स्वेटर. त्याला मी गल्लीतल्या पोराला मारावी तशी नावाने हाक कशी मारणार? 'सर' म्हटलं की ते कसनुसं तोंड करायचे. एक दिवस घाईघाईत माझ्या तोंडून 'काका' निघून गेलं. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, वडिलांचा भाऊ. त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. तेव्हापासून कॅनडातल्या वॉटर्लूमधल्या त्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत एक जपानी काका झाले. ते स्वतः मात्र शेवटपर्यंत माझ्या आडनावाला 'सान', म्हणजे आपलं 'जी', लावत राहिले. नागपूरच्या शाळेत मास्तर ज्या आडनावाने माझ्यावर खेकसायचे, ते त्यांच्या तोंडी एकदम खानदानी वाटायचं.

काका आमच्या गेमला संगीत द्यायचे. ते संगीत खेळात बसवायचं काम माझं. म्हणजे खेळणारा जंगलात शिरला की कुठली चाल वाजावी, समोर शत्रू आला की ती कशी बदलावी, याचा प्रोग्रॅम मी लिहायचे. लहानपणी मी एका बाईंकडे पेटी शिकले होते, परीक्षाबिरीक्षाही दिल्या होत्या. पुढे इंजिनिअरिंग, मग इकडे येऊन मास्टर्स. पेटी नागपूरला माळ्यावर पडली आणि कान तेवढे माझ्याबरोबर विमानात बसून आले. या नोकरीत मला पगार मिळायचा तो त्या कानांचाच, असं मी आईला सांगायचे. तिला ते कधी पटलं नाही.

काकांची जुनी गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक जेवणाच्या सुट्टीत. ते भाताचे समुद्री शेवाळात गुंडाळलेले गोळे खायचे, मी पोळीभाजी. तरुणपणी ते एका हॉटेलच्या बारमध्ये पियानो वाजवायचे. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी अट घातली की आधी नीट नोकरी बघ. एका कंपनीला खेळांच्या यंत्रांसाठी 'आवाज करणारा माणूस' हवा होता. हे गेले. तिथे पियानो नव्हता. एक टेबल, एक स्क्रीन, आणि प्रत्येक सूर आकड्यांत टाइप करायचा. यंत्राला एका वेळी फक्त तीन सूर काढता यायचे आणि ढोलाच्या जागी एक खरखर. एवढ्यात सगळी लढाई, सगळं प्रेम, राजकन्या आणि राक्षस बसवायचे.

त्यातही मेख होती. खेळातल्या पोराने उडी मारली, नाणं उचललं, की त्याचाही आवाज यायला हवा. यंत्राजवळ चौथा सूर नाही. मग ते त्या तीनांतलाच एक उचलायचं, तेवढ्यापुरता. चाल चाललेली असायची आणि मधूनच तिचा एक सूर गायब. काका याला चोरीच म्हणायचे. सुरुवातीला त्यांना रडू यायचं म्हणे. त्यांच्या वरिष्ठाने एक दिवस त्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, रडून चोर जात नाही. तीनांतला कुठलाही एक सूर चोरीला गेला तरी चाल उभी राहिली पाहिजे, अशी लिही. मग काकांनी तीच सवय लावून घेतली. चाल झाली की पहिला सूर बंद करून ऐकायची, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही वेळा उभी राहिली तरच पुढे पाठवायची. पुढे यंत्रं मोठी झाली, आख्खा वाद्यवृंद वाजवायची सोय झाली, कोणी काही चोरेनासं झालं. तरी काकांची सवय गेली नाही. आमच्या वॉटर्लूच्या स्टुडिओतही ते एकेक वाद्य बंद करून बघायचे आणि ओठ हलवत म्हणायचे, "उभी आहे."

त्यांची एक चाल अशी आहे की तुम्ही गेम खेळत नसलात तरी ऐकली असेल. पण खेळाच्या शेवटी नावं यायची तिथे कंपनी माणसांची खोटी नावं टाकायची, दुसऱ्या कंपनीने माणूस पळवू नये म्हणून. काकांचं नाव मुळ्याच्या लोणच्यावरून ठेवलं होतं. ती चाल ऐकत जे लोक मोठे झाले त्यांना आजही लोणचंच माहीत आहे. मला याचा फार राग यायचा. काका म्हणायचे, लोणचं चांगलं होतं.

आमच्या कंपनीचा मालक त्या चालीवर वाढलेलाच एक कॅनेडियन पोरगा. त्याने काकांना शोधून काढलं, तेव्हा ते निवृत्त होते आणि बायको नुकतीच गेली होती. मुलंबाळं नाहीत. ते दोन बॅगा घेऊन इकडे आले. पुढे मालकाने कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली आणि तो गेला निघून. वरून एक मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता. हळू, गोड बोलायचा, प्रत्येक वाक्यात 'सपोर्ट' हा शब्द असायचा. मला अशी माणसं आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतात.

तर एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की काकांकडून येणाऱ्या संगीतात वरचे सूर टोचायला लागले आहेत. बासरी, घंटा, व्हायोलिनचं वरचं काम, सगळं सुईसारखं. आधी वाटलं माझे हेडफोन बिघडले. बदलून बघितले. मग मी एकेक जुनी चाल काढून ऐकली. दर महिन्याला वरचे सूर थोडे थोडे चढत गेले होते. माणूस ऐकू येत नसलं की मोठ्याने बोलतो, तसे काका वरच्या सुरांना मोठ्याने बोलायला लावत होते.

मी त्यांच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण बोलावं लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "कळलं तुला."

मी हो म्हटलं.

"चिमण्या बंद झाल्या," ते म्हणाले. "मला वाटलं इथल्या थंडीत चिमण्या नसतात. मग एक दिवस खिडकीत चिमणी दिसली. चोच उघडत होती, मिटत होती."

ते त्यांच्या सावकाश इंग्रजीत बोलत राहिले. ऐकू कमी येतं याचं मला काही वाटत नाही, म्हणाले. वय झालं की चोर येणारच. पण एक गोष्ट मला कळत नाही. आपली चाल चांगली की वाईट हे आपल्याला अजून कळतं, की तेही गेलं? ज्या दिवशी ते जाईल त्या दिवशी मी थांबेन. पण गेलेलं ज्याचं त्याला कसं कळणार? मग ते खुर्चीतून उठले, हात मांडीशी सरळ ठेवले आणि माझ्यासमोर कमरेत वाकले. माझ्यापेक्षा निदान चाळीस वर्षांनी मोठा माणूस. मी एवढी गडबडले की त्यांना उठवायला त्यांचे खांदेच धरले.

"वरचे सूर तू ऐक," ते म्हणाले. "आणि मला सांग. फक्त खोटं बोलू नकोस."

नवऱ्याला हे सांगायची चूक मी केली. माझा नवरा पुण्याचा, म्हणजे न मागता सल्ला देणारा. तो मिसिसागाला एका मालवाहतुकीच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. घरी आला की बूट काढता काढता बोलायला लागतो.

"तुझं वर्क परमिट कंपनीवर आहे," तो म्हणाला. "पीआरची फाइल अजून प्रोसेसिंगमध्ये आहे. आणि तू असली लपवाछपवी करतेस? एचआरला डायरेक्ट सांगून टाक. दे विल अकॉमोडेट हिम. इथे सिस्टिम असते ना."

"मी काहून सांगू? एचआर माझी आत्या लागते का?"

"हे बघ, उद्या लफडं झालं तर फर्स्ट तुझं नाव येणार."

"येऊ दे. त्यांचं तर लोणच्याच्या नावाने आलं."

त्याला काही कळलं नाही आणि मी समजावून सांगितलं नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

मग आमची पद्धत बसली. दुपारी जेवण झालं की मी त्यांच्या खोलीत जायचे. ते चाल लावायचे आणि स्क्रीनकडे बघायचेच नाहीत, माझ्याकडे बघायचे. वरचा सूर टोचला की मी पालथा हात खाली न्यायचे. बुडाला की उताणा वर. पेटीच्या बाई हाताने सूर दाखवायच्या, तसंच काहीसं. काही दिवसांनी हात हलवायचीही गरज उरली नाही. माझ्या कपाळाला आठी पडायच्या आत त्यांचं बोट कळ खाली ओढायचं. माझा चेहरा त्यांना पाठ झाला होता. लग्नाच्या नवऱ्यानेसुद्धा माझ्या चेहऱ्याकडे कधी इतकं बघितलं नाही. मी त्याला तसं सांगितल्यावर तो दोन दिवस फुगून बसला.

खरं सांगायचं तर ते माझे इथले सगळ्यात चांगले महिने होते. संगीतही चांगलं झालं. बर्फाच्या डोंगराची एक चाल होती, तिच्यात फक्त खालची तार आणि वर एक घंटा. घंटा बंद केली तरी डोंगर राहायचा, तार बंद केली तरी थंडी राहायची. "उभी आहे," काका म्हणाले, आणि मी हात मधोमध धरला.

मार्चमध्ये मी भावाच्या लग्नाला नागपूरला गेले. येताना विमानात सर्दी झाली, आणि उतरताना कान असे गच्च बसले की उघडायलाच तयार नाहीत. जांभया दिल्या, नाक दाबून फुंकलं, आईने दिलेला ओवा तव्यावर भाजून पुरचुंडीत हुंगला. काही नाही. सगळं जग रजईतून बोलत होतं. आणि ऑफिसात पोचले तर कळलं की वरच्या कंपनीची माणसं तीन दिवसांनी खेळ बघायला येणार, आणि शेवटच्या लढाईची मोठी चाल अजून बाकी आहे.

मी काकांना संत्रा बर्फीचा डबा दिला आणि सांगून टाकलं, "काका, माझे कान बंद आहेत."

त्यांनी आधी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग म्हणाले, "किती?"

"अर्धे तरी."

ते हसले. "अर्धे तुझे, अर्धे माझे. मिळून एक होईल."

आम्ही दोघंही हसलो. आता ते हसणं आठवलं तरी मला शरम वाटत नाही, रागच येतो, कोणावर ते माहीत नाही. दुसऱ्या कोणाला ऐकायला देण्यासारखं काम होतं ते. पण मग कारण सांगावं लागलं असतं. म्हणून दोन बहिरे एका खोलीत बसून लढाई जुळवत राहिले. मी मान डोलावत होते. मला वरचं सगळं मऊ लागत होतं, छान लागत होतं. एकदोनदा तर मी हात वर नेला. अजून चढवा म्हणून.

खेळ दाखवायच्या दिवशी मोठ्या खोलीत सगळे बसले. वरच्या कंपनीचे पाहुणे, मॅनेजर, आमची पोरं. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. तोवर माझा डावा कान मोकळा झाला होता. लढाई सुरू झाली आणि पहिल्या तुतारीलाच मला कळलं. दाताच्या डॉक्टरकडे ते यंत्र दाताला लागतं ना, तसं काहीतरी कपाळातून आरपार गेलं. समोरच्या बाईने हेडफोन ओरबाडून काढले. तिच्या शेजारच्याने कानावर हात ठेवला. पाठोपाठ खोलीतले सगळे हेडफोन उतरले, एकट्या काकांचे सोडून. ते शांत बसले होते. त्यांच्यासाठी खालचे ढोल, तारा, सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग त्यांनी मान वळवली आणि त्यांच्या सवयीप्रमाणे माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

मॅनेजरने गोड आवाजात विचारलं, "हे मिक्स कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "प्रवासातून आले, कान बंद होते. चूक माझी आहे."

मी बसल्या जागेवरून बोलले. पण त्याआधीच काका उभे राहिले होते. हेडफोनची वायर लोंबत होती. त्यांच्या जुन्या कंपनीत चूक कोणाचीही असो, उभं राहायचं ते वयाने मोठा असेल त्याने. ते हिवाळ्यात माझ्यासमोर वाकले होते त्याहून खोल वाकले आणि तसेच राहिले. इथल्या माणसांना त्याचं काय करायचं तेच कळेना. कोणीतरी "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत राहिलं. ते ऐकू न आल्यामुळे ते वाकलेलेच.

पुढचं सगळं सिस्टिमप्रमाणे झालं, नवरा म्हणाला होता तसं. कोणी त्यांना एक वावगा शब्द बोललं नाही. कान तपासून घ्या, सपोर्ट आहे, इन्शुरन्समधून होईल. मी त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन गेले. वाट बघत बसलो होतो, समोर एक सरदारजी आजोबा आणि त्यांचा नातू. नातवाच्या फोनची रिंग वाजली. तीच चाल. काकांची, लोणच्याच्या नावाची. किनऱ्या, पत्र्यासारख्या आवाजात, फोनच्या छोट्या भोकातून. काका समोरच्या भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होते.

मला वाटलं गप्प बसावं. पण ते वळलेच.

"तुझा चेहरा बदलला. काय वाजलं?"

मी सांगितलं.

त्यांनी त्या पोराकडे बघितलं. तो आजोबांशी पंजाबीत काहीतरी बोलत होता, फोन खिशात गेला होता. "किती सूर होते?" काकांनी विचारलं. "तिन्ही?"

"एकच. वरचा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "खालचे दोन मला पाठ आहेत."

मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून, मोठ्याने.

कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यात माणसं नीट ऐकू यायची, पण संगीताची वाट लागायची. व्हायोलिन पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखं आणि सूर हललेला. काकांनी ते आठवडाभर घातलं आणि मग फक्त मीटिंगमध्ये घालायला लागले. त्यांना तिथे घालून उपयोग नव्हता, कारण मीटिंगमध्ये कोणी त्यांना काही विचारत नव्हतं. उन्हाळ्यात कळलं की पुढचं संगीत बाहेरून तयार घेणार. डोंगराची चाल ठेवणार होते, मग डोंगरच कापला, कारण खेळ लांबत होता.

निरोपाला केक आणला. केकवर त्यांच्या जुन्या खेळातला उडी मारणारा पोरगा साखरेचा काढला होता. मॅनेजरने भाषण केलं, 'लेजंड' हा शब्द वापरला. स्पीकरवर कोणीतरी ती जुनी चाल लावून दिली होती, इंटरनेटवर मिळते ती, तासभर फिरत राहणारी. गेमच्या चालीला शेवट नसतोच. जिथे संपते तिथून पुन्हा सुरू, खेळणारा मरेपर्यंत. लोक केक खाऊन आपापल्या जागी गेले आणि ती चाल वाजतच राहिली. काका कागदी ताटली हातात घेऊन माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "आता कुठे आहे?" मी बोटाने हवेत चाल काढून दाखवली. त्यांनी तिथून ती मनात धरली आणि पुढे मान हलवत राहिले, अगदी तालात. मग मी जाऊन स्पीकरची वायर उपटली.

जाताना मला म्हणाले, "मी घरी एक चाल लिहिणार आहे. कोणासाठी नाही. वरचा सूर चोरीला गेलेला आहे असं धरूनच लिहिणार. मला जेवढं ऐकू येतं तेवढ्यात. झाली की तू ये."

"का?"

"उभी राहते का, ते सांगायला."

हिवाळा आला आणि चांगला मुक्काम ठोकून बसला. आमची पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, आली. नवऱ्याने गाडी आणि बर्फाचे टायर एकदमच घेतले. मी मधूनमधून काकांना मेसेज करायचे, ते उत्तरात एक अंगठा पाठवायचे. मला वाटायला लागलं की चाल कधी होणार नाही, आणि तेच बरं. मग एप्रिलमध्ये मेसेज आला, 'झाली.'

एलआरटीने, म्हणजे इथल्या ट्रामने, गेले. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग वितळत होते, त्यातून हिवाळाभर हरवलेले हातमोजे बाहेर आले होते. काकांचं अपार्टमेंट चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या, नीटनेटक्या. भिंतीशी बायकोचा फोटो आणि त्यापुढे संत्रा बर्फीचा माझा रिकामा डबा, त्यात आता उदबत्त्या होत्या. काका बारीक झाले होते. त्यांनी चहाची किटली शेगडीवर ठेवली आणि तिच्यासमोर उभे राहून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मला आधी कळलं नाही. मग वाफ आली, किटली शिट्टी मारायला लागली, आणि वाफ दिसली तशी त्यांनी ती उचलली.

चहा झाला. त्यांनी कॉम्प्युटर लावला, स्पीकरच्या लाकडी डोक्यावर तळहात ठेवला, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी खिडकीकडे तोंड केलं.

"फिरवू नकोस," ते म्हणाले.

चाल सुरू झाली. टोचणारं काही नव्हतं. वर काही नव्हतंच. खाली जाड तारा, लाकडी वाद्यं, मधे काहीतरी गुणगुणल्यासारखं. सगळं जागच्या जागी होतं, एवढ्या वर्षांचा हात होता तो. मी वाट बघत होते. चाल वळली, परत वळली, मी वाटच बघत होते. मांडव घातलाय, पाट मांडलेत, रांगोळ्या काढल्यात, आणि वरात काही येत नाही, असं ते होतं. देवा, आत्ता तरी एखादी जागा येऊ दे, एवढी एक जागा, म्हणजे मी हो म्हणेन, असं मी मनात म्हणत होते. चाल फिरून सुरुवातीला आली. त्यांनी बंद केली.

"उभी राहते?"

मला खोटं बोलायचं होतं. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे, त्यात अजून एक. हा माणूस एकटा होता, हिवाळाभर इथे बसला होता, आणि मी एक शब्द बोलले असते तर तो झोपताना सुखाने झोपला असता. पण ते माझ्यासमोर वाकले होते.

"नाही, काका."

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी हात वर केला. "कुठे, ते सांगू नकोस. मी सांगतो."

ते स्क्रीनकडे वळले. चालीचे सगळे सूर तिथे रेघांसारखे आडवे पसरले होते. त्यांचं बोट सावकाश डावीकडून निघालं, पहिलं वळण ओलांडलं, थोडं पुढे गेलं आणि थांबलं.

"इथे," ते म्हणाले. "इथे ती बसली. पुढे नुसती मी ओढत नेली. बरोबर?"

मी बघितलं. तिथेच. अगदी तिथेच मी वाट बघायला लागले होते.

"बरोबर."

आणि काका हसले. त्या बर्फाच्या डोंगराच्या चालीनंतर मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "म्हणजे कळतं," ते म्हणाले. "अजून कळतं मला." ते दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा बायकोच्या फोटोकडे बघून. मग त्यांनी सगळ्या रेघा निवडल्या आणि पुसून टाकल्या. मी अगं-बाई म्हणून हात पुढे केला, पण पडदा तोवर पांढरा झाला होता.

"आता थांबतो," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते बघितलं, उठून पुन्हा किटली शेगडीवर ठेवली, आणि परत येऊन माझ्यासमोर बसले. भावाच्या गेल्या वर्षीच्या लग्नाचं विचारायला लागले. नवरी कशी आहे, आई कशी आहे. मी नाक पुसत सांगत होते. त्यांच्या पाठीमागे किटली शिट्टी मारायला लागली, आधी हळू, मग जोरात, मग सगळं घर भरून. ते माझ्याकडे बघत, मान हलवत, लग्नाचं ऐकत होते. मी उठले आणि शेगडी बंद केली.